शौच, विटाळ आणि चित्तशुद्धी : मराठी संतवाङ्मयातील एका संकल्पनेचा विचार

१. प्रास्ताविक

‘चित्तशुद्धी’ हा शब्द मराठी संतवाङ्मयाच्या विवेचनात इतक्या सहजपणे येतो, की त्याचा अर्थ स्वयंसिद्ध आहे असे गृहीत धरूनच बहुधा पुढे जाण्यात येते. संतांनी बाह्य कर्मकांडाऐवजी अंतःकरणाच्या निर्मळतेवर भर दिला, हे विधान वाङ्मयेतिहासांत आणि महाविद्यालयीन अध्यापनात वारंवार आढळते. ते चुकीचे नाही. परंतु अपुरे आहे. शुद्धी कशापासून, ती कोणी करावयाची, आणि ती झाली हे ओळखावयाचे कशावरून, या तीन प्रश्नांची सर्व संतांनी दिलेली उत्तरे एकसारखी नाहीत. शिवाय ज्या समाजात ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ हे शब्द माणसांच्याच वर्गीकरणासाठी वापरले जात होते, त्या समाजात ‘मन शुद्ध कर’ हा उपदेश कोण कोणाला करतो, यावर त्याचा नैतिक आशय अवलंबून राहतो.

प्रस्तुत लेखात ‘शौच’ या प्राचीन संकल्पनेपासून आरंभ करून ज्ञानेश्वर, चोखामेळा व सोयराबाई, एकनाथ, तुकाराम आणि रामदास यांच्या वाङ्मयात तिला कोणती वळणे मिळाली, याचा विचार केला आहे. मनाची शुद्धी आणि सदाचार या दोन वेगळ्या पायऱ्या नसून आचरण हीच शुद्धीची कसोटी होय, आणि ही कसोटी ज्याने त्याने प्रथम स्वतःस लावावयाची असते, हे या विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे.

२. पूर्वपरंपरेतील द्विविध शौच

पातंजल योगसूत्रांत ‘शौच’ हा पाच नियमांपैकी पहिला नियम आहे. व्यासभाष्यात त्याचे दोन प्रकार सांगितले आहेत. माती, पाणी व शुद्ध आहार यांनी होणारे ते बाह्य शौच, आणि चित्तातील मळ धुऊन काढणे हे आभ्यंतर शौच. भगवद्‌गीतेतही हा भेद निराळ्या रीतीने आढळतो. सतराव्या अध्यायात तपाचे शारीर, वाङ्मय व मानस असे तीन प्रकार सांगताना ‘शौच’ शारीर तपात येते, तर ‘भावसंशुद्धी’ मानस तपात. सोळाव्या अध्यायातील दैवी संपत्तीच्या गणनेत ‘सत्त्वसंशुद्धी’ अभयाच्या लगोलग येते आणि ‘शौच’ त्याच यादीत पुढे स्वतंत्रपणे येते. म्हणजे दोहोंना एकच नाव देऊन भागत नाही, याची जाणीव या ग्रंथांना आहे.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तर सर्व प्रकारच्या शौचांमध्ये अर्थशौच, म्हणजे द्रव्यव्यवहारातील शुचिता, श्रेष्ठ मानली आहे. तिच्यापुढे माती-पाण्याने साधलेली शुद्धी गौण ठरते. मात्र याच ग्रंथाने जन्मावर आधारलेल्या शुद्धाशुद्धतेची चौकटही पक्की केली, हे विसरता येत नाही. आचाराचा श्रेष्ठ निकष आणि जन्माचा निकष एकाच ग्रंथात शेजारी शेजारी नांदतात. पुढील काळातील सर्व ताण याच शेजारातून निर्माण झाले आहेत.

छांदोग्योपनिषदाच्या सातव्या अध्यायात आहारशुद्धीपासून सत्त्वशुद्धी होते असे प्रतिपादन आहे. शंकराचार्यांनी तेथील ‘आहार’ शब्दाचा अर्थ केवळ अन्न असा न करता, भोक्ता इंद्रियांच्या द्वारे जे जे विषयज्ञान आत घेतो ते सर्व, असा केला. राग, द्वेष व मोह यांपासून मुक्त अशी विषयांची जाणीव म्हणजे आहारशुद्धी, असा त्यांचा आशय आहे. शुद्धीचा प्रश्न स्वयंपाकघरातून मनोव्यापाराकडे नेण्याचा हा एक महत्त्वाचा प्रयत्न होय. त्यांच्या साधनक्रमात निष्काम कर्माने चित्तशुद्धी आणि चित्तशुद्धीनंतर ज्ञान, असा अनुक्रम आहे. येथे चित्तशुद्धी हे साधन आहे आणि तिचे फल ज्ञानात आहे.

या अनुक्रमाबरोबरच दुसराही एक धागा ध्यानात ठेवावा लागतो. योगसूत्रांच्या पहिल्या पादात चित्त प्रसन्न होण्याचा जो उपाय सांगितला आहे, तो एकांतातील नाही. सुखी माणसांविषयी मैत्री, दुःखी माणसांविषयी करुणा, पुण्यवंतांविषयी मुदिता आणि अपुण्यवंतांविषयी उपेक्षा या चार भावनांनी चित्त निर्मळ होते, असे ते सूत्र सांगते. म्हणजे चित्ताची शुद्धी इतरांशी असलेल्या संबंधांतून घडते, आणि समोरच्याची अवस्था पाहून भावना बदलावी लागते. दुःखी माणसाच्या बाबतीत उपेक्षा नव्हे, तर करुणाच विहित आहे. या सूक्ष्म भेदाचा उपयोग एकनाथांच्या संदर्भात पुढे होणार आहे.

३. ज्ञानेश्वरी : आत आणि बाहेर

ज्ञानेश्वरीच्या (शके १२१२) तेराव्या अध्यायात ज्ञानलक्षणांचे जे विस्तृत निरूपण आहे, त्यात गीतेतील एकेका पदाला ओव्यांच्या मालिका लाभल्या आहेत. ‘शौच’ या पदाचे विवरण करताना ज्ञानदेव प्रथम कापराचा दृष्टान्त योजतात. कापूर वरून एक आणि आतून दुसरा नसतो. तसे शुचिवंताचे अंग व मन एकजिनसी असते. त्यामागोमाग रत्नाचा व सूर्याचा दाखला येतो. बाहेरची शुद्धी कर्माने आणि आतली ज्ञानाने, अशी विभागणी ते मान्य करतात आणि माती-पाण्याच्या वेदविहित शौचासही स्थान देतात.

तथापि आतली शुद्धी नसताना केलेले बाह्य कर्म ही विटंबना होय, हे सांगताना त्यांच्या दृष्टान्तांना विलक्षण धार चढते. शृंगारलेले प्रेत, तीर्थात न्हाऊ घातलेले गाढव, वरून गूळ माखलेला कडू भोपळा, ओस घराला बांधलेले तोरण, उपाशी माणसाच्या अंगाला वरून फासलेले अन्न अशी ही मालिका आहे. यांतील शेवटचा दृष्टान्त विशेष लक्षणीय वाटतो. अन्न खरे आहे, भूकही खरी आहे. चूक आहे ती केवळ जागेची. बाह्य शौच ज्ञानदेवांच्या दृष्टीने खोटे नाही. ते जेथे पोचावयास हवे तेथे पोचत नाही, हा त्यांचा आक्षेप आहे. आत ज्ञान प्रकटले म्हणजे बाह्य शुद्धी आपोआप लाभते, असा निष्कर्ष ते काढतात.

याच अध्यायातील अहिंसेचे निरूपण या संदर्भात पूरक ठरते. जे मनातच नाही ते वाणीत उमटणार नाही, बीजावाचून अंकुर फुटत नाही, सूत्रधारावाचून कळसूत्री बाहुली हालत नाही, अशा क्रमाने मन हे सर्व आचरणाचे मूळ असल्याचे ते दाखवितात. परंतु अहिंसेने भरलेले मन ओळखावयाचे कसे, याचे उत्तर मात्र ते मनाच्या वर्णनाने देत नाहीत. असा पुरुष पाऊल कसे टाकतो, शब्द कसा उच्चारतो, कोणाकडे कसे पाहतो, हात कसा उचलतो, याचे बारकाव्याचे चित्र ते रेखाटतात. कारण मनात आहे, पण प्रमाण देहाच्या हालचालीत आहे. चित्तशुद्धी आणि सदाचार यांचा संबंध ज्ञानेश्वरीत असा कारण-प्रमाणाचा आहे.

ज्ञानदेवांच्या चरित्रपरंपरेत ‘शुद्धी’ हा शब्द आणखी एका अर्थाने येतो. संन्याशाची मुले म्हणून बहिष्कृत झालेल्या या भावंडांना पैठणच्या ब्रह्मवृंदाकडून शुद्धिपत्र मिळवावे लागले, अशी ही परंपरा आहे. तिच्या ऐतिहासिक तपशिलांविषयी मतभेद असले, तरी शुद्धी ही इतरांनी बहाल करावयाची वस्तू मानली जात होती, ही त्या काळाची सामाजिक वस्तुस्थिती तीतून स्पष्ट होते. चरित्रावरून ग्रंथाचा अर्थ लावणे नेहमीच सुरक्षित नसते. परंतु ज्या परंपरेने अशी कथा जपली, तिच्या श्रोत्यांना तेराव्या अध्यायातील शौचविवरण केवळ तात्त्विक वाटले नसणार, एवढे म्हणता येईल.

४. चोखामेळा आणि सोयराबाई : विटाळाच्या कल्पनेची चिकित्सा

‘चोखा’ या शब्दाचा अर्थच शुद्ध, निर्भेळ असा आहे. चोखोबांच्या बहिणीचे नाव निर्मळा. ज्यांना गावाने अशुद्ध मानले त्यांच्या घरात ही नावे नांदत होती. चोखामेळा हे नामदेवांचे समकालीन, मंगळवेढ्यास कुसू कोसळून त्यांचा अंत झाल्याची नोंद परंपरेत शके १२६० (इ. स. १३३८) अशी आहे. त्यांची समाधी पंढरपुरात विठ्ठलमंदिराच्या महाद्वारासमोर, म्हणजे देवळाच्या बाहेर, आहे.

चोखोबांच्या एका सुविख्यात अभंगात ऊस, कमान आणि नदी यांचे दाखले देऊन बाह्य आकार आणि आतले सत्त्व यांतील भेद मांडला आहे. युक्तिवादाचे स्वरूप ज्ञानदेवांच्या शौचविवरणाशी जुळणारे आहे. परंतु बोलणाऱ्याची जागा बदललेली आहे. ज्ञानदेव बाहेरून शुद्ध दिसणाऱ्याला आत डोकावण्यास सांगतात. चोखोबा स्वतःला बाहेरून अशुद्ध ठरविणाऱ्यांना, वरच्या रूपाला भुलू नका, असे विनवितात. पहिल्या ठिकाणी दंभाची चिकित्सा आहे, दुसऱ्या ठिकाणी अन्यायाची.

सोयराबाई याच्याही पुढे जातात. देहाला विटाळ लागतो असे सगळे म्हणतात, पण विटाळ तर देहाबरोबरच जन्मतो. विटाळावाचून ज्याची उत्पत्ती झाली असा एकही देह जगात नाही, असा त्यांचा तर्क आहे. मग सोवळा कोण, हा त्यांचा प्रश्न निरुत्तर करणारा आहे. ज्ञानदेवांनी बाह्य शुद्धी अपुरी ठरविली. सोयराबाईंनी जन्मजात शुद्धाशुद्धतेचा निकषच तर्काच्या कसोटीवर निकालात काढला. या दोन भूमिका एकाच ‘आंतरिक शुद्धी’च्या मथळ्याखाली घातल्या, तर दुसरीचे वैशिष्ट्य हरवते. स्त्री आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीची व्यक्ती या दोन्ही नात्यांनी विटाळाचा अनुभव घेतलेल्या कवयित्रीने हा तर्क मांडावा, यात त्याचे बळ आहे.

चोखोबांच्या सर्वच अभंगांत असा निःशंक सूर आहे असे मात्र नाही. आपल्या हीन मानल्या गेलेल्या जन्माचा संबंध पूर्वकर्माशी जोडणारी रचनाही त्यांच्या नावावर आढळते. उलट त्यांचा पुत्र कर्ममेळा याच्या अभंगांत देवाशी उघड भांडण आहे. एकाच कुटुंबातील हे भिन्न सूर लक्षात घेता, चित्तशुद्धीच्या विचाराने दिलासाही दिला आणि प्रश्नही जागे केले, असे म्हणावे लागते.

५. एकनाथ : भिक्षुगीता आणि चरित्रकथा

एकनाथांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावरील आपली विस्तृत टीका वाराणसी येथे शके १४९५ (इ. स. १५७३) मध्ये पूर्ण केली. तिच्यातील तेविसावा अध्याय चित्तशुद्धीच्या दृष्टीने मध्यवर्ती आहे. अवंतीनगरीतील एक कृपण ब्राह्मण सर्व धन गमावतो, विरक्त होऊन भिक्षू बनतो आणि लोकांच्या छळास पात्र होतो. लोक त्याचे भिक्षापात्र हिसकावतात, त्याला शिव्या देतात, त्याच्यावर थुंकतात. या अवस्थेत तो विचार करतो, की माझ्या सुखदुःखाला ही माणसे, देवता, ग्रह, कर्म किंवा काळ यांपैकी काहीही कारण नाही. मन हेच कारण आहे. मूळ भागवतातील हे प्रकरण ‘भिक्षुगीता’ म्हणून ओळखले जाते.

या सिद्धान्तात एक नैतिक अडचण आहे. दुःखाचे कारण मनच असेल, तर दुःख देणाऱ्याची जबाबदारी कोठे उरते? छळणाऱ्यांनी हाच सिद्धान्त छळल्या गेलेल्यांना ऐकविला, तर तो उपदेश राहील की तोंड बंद करण्याचे साधन होईल? भिक्षुगीतेचा आशय समजून घेताना ही अडचण टाळता येत नाही.

तिचे उत्तर कथेच्या रचनेतच सापडते. भिक्षूला हे तत्त्व दुसऱ्या कोणी सांगितलेले नाही. तो स्वतःच्या दुःखाविषयी स्वतःशीच बोलत आहे. शिवाय तो पूर्वी धनवान आणि कठोर होता. आपल्या दुःखाचे मूळ आपल्याच मनात शोधण्यास त्याला विशेष कारण आहे. हे वाक्य प्रथम पुरुषातच सत्य आहे. द्वितीय पुरुषात उच्चारले, की त्याचा अर्थ पालटतो.

एकनाथांच्या चरित्रकथांतून नेमका हाच भेद प्रत्ययास येतो. महीपतींनी अठराव्या शतकात संकलित केलेल्या संतचरित्रांतून या कथा महाराष्ट्रभर पोचल्या. त्यांना ऐतिहासिक पुरावा मानण्याचे कारण नाही. परंतु एकनाथांच्या शिकवणीचा अर्थ समाजाने कसा लावला, याच्या त्या विश्वसनीय साक्षी आहेत. गोदावरीचे स्नान करून येणाऱ्या एकनाथांवर एक मनुष्य पुनःपुन्हा थुंकतो आणि ते तितक्याच वेळा शांतपणे पुन्हा स्नान करतात, ही कथा भिक्षुगीतेतील प्रसंगाची जणू पुनरावृत्ती आहे. येथे दुःख त्यांचे स्वतःचे आहे. म्हणून ‘मन हेच कारण’ हा विचार लागू पडतो.

परंतु तापलेल्या वाळवंटात अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरातील मूल रडत असते, तेव्हा ते त्याला उचलून कडेवर घेतात. रामेश्वराला वाहण्यासाठी काशीहून आणलेले गंगाजल तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजतात. श्राद्धासाठी सिद्ध केलेले अन्न दाराशी आलेल्या भुकेल्या अंत्यजांना वाढतात. या तिन्ही कथांत दुःख दुसऱ्याचे आहे, आणि तिन्हींत बाह्य शौचाचा नियम मोडला जातो. दुःखिताला मनाचे तत्त्वज्ञान सांगितले जात नाही. त्याला सावली, पाणी आणि अन्न मिळते. स्वतःच्या अपमानाबाबत तितिक्षा आणि परदुःखाबाबत करुणा, हा विवेक योगसूत्रांतील चतुर्विध भावनांशी सुसंगत आहे. ज्ञानेश्वरीतील तीर्थात न्हालेले गाढव दंभाचे प्रतीक होते. नाथचरित्रातील गाढव चित्तशुद्धीची परीक्षा ठरते. एकाच प्राण्याच्या दोन चित्रांत सुमारे तीन शतकांतील अर्थविस्तार दिसतो.

भारुडांतून एकनाथांनी महाराच्या मुखाने, जोहार घालीत, गावाला केलेला उपदेशही याच दृष्टीने पाहता येतो. ज्याला अशुद्ध मानले त्याच्या तोंडी शुद्धीचा विचार घालून उपदेशक आणि उपदेश्य यांच्या जागा त्यांनी बदलल्या. अर्थात तो आवाज एकनाथांनी योजलेला आहे, सोयराबाईंसारखा स्वानुभवाचा नाही, हा फरक कायम राहतो.

६. तुकाराम आणि रामदास : व्यवहारातील शुचिता

तुकारामांच्या (१६०८–१६५०) अभंगांत तीर्थस्नानाने केवळ कातडी धुतली जाते, या आशयाची टीका वारंवार येते. तिची ज्ञानेश्वरीतील टीकेशी असलेली नाळ उघड आहे. तुकारामांचे वेगळेपण आहे ते संसारी माणसापुढे त्यांनी ठेवलेल्या आचारधर्मात. उत्तम व्यवहाराने धन मिळवावे आणि ते अलिप्त वृत्तीने खर्च करावे, परनिंदा व परद्रव्य टाळावे, प्राण्यांवर दया करावी, अशी गृहस्थधर्माची रूपरेषा ते एका अभंगात देतात. मनुस्मृतीने श्रेष्ठ म्हटलेले अर्थशौच येथे कुणबी-वाणी घरातील एका दुकानदाराच्या तोंडून लोकभाषेत येते. १६३०–३१ च्या भीषण दुष्काळात व्यापार बुडालेल्या तुकारामांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली, ही कथा परंपरेने याच आचारधर्माचा दाखला म्हणून जपली. तीर्थाच्या पाण्याने जे साधत नाही, ते त्याच पाण्यात ऋणकोंचे कागद सोडल्याने साधले, असा तिचा भाव आहे.

रामदासांनी (१६०८–१६८१) ‘मनाचे श्लोक’ या भुजंगप्रयात वृत्तातील २०५ श्लोकांच्या रचनेत मनालाच श्रोता केले. या मनाला ते आरंभीच ‘सज्जन’ म्हणून हाक घालतात, ही गोष्ट महत्त्वाची आहे. मन हा दंडण्याचा शत्रू नसून समजाविण्याजोगा स्नेही आहे, आणि त्याच्यात सज्जनतेची शक्यता आधीपासून आहे, हे येथील गृहीत आहे. वक्ता स्वतःच्याच मनाशी बोलतो, त्यामुळे उपदेशाचा प्रथम पुरुष येथे रचनेचेच तत्त्व बनला आहे.

‘दासबोधा’च्या दुसऱ्या दशकात मूर्खलक्षणांपाठोपाठ उत्तमलक्षणे येतात. तेथील सूचना अगदी रोजच्या वागण्याच्या आहेत. विचारल्यावाचून वाट धरू नये, ओळखल्यावाचून फळ खाऊ नये, पडलेली वस्तू उचलू नये, अशा लहान गोष्टींपासून चारित्र्य घडते, अशी रामदासांची धारणा दिसते. त्याच दशकाच्या अखेरीस ‘पढतमूर्ख’ येतो. ज्ञान आहे, वक्तृत्व आहे, पण वागणे त्याच्याशी जुळत नाही, अशा विद्वानाचे ते चित्र आहे. अध्ययन-अध्यापनाशी संबंधित वाचकाला ते अस्वस्थ करणारे आहे.

७. मर्यादांचा विचार

येथवरच्या विवेचनावरून संतांनी शुद्धीचा निकष जन्माकडून आचरणाकडे नेला, असे म्हणता येते. परंतु निकष बदलल्याने व्यवस्था बदलली का, हा प्रश्न उरतो. ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ (१९३६) या ग्रंथाच्या पुढील आवृत्तीत गांधीजींना दिलेल्या उत्तरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संतांविषयी जो आक्षेप घेतला, तो याच ठिकाणी लागू होतो. संतांनी माणसे ईश्वरापुढे समान असल्याचे सांगितले; माणसामाणसांतील समतेसाठी जातिव्यवस्थेशी संघर्ष केला नाही, असा त्या आक्षेपाचा सारांश आहे. त्याच बाबासाहेबांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. या दोन कृतींत विसंगती मानण्याचे कारण नाही. चोखोबांविषयीचा आदर आणि चोखोबांच्या समाधीला देवळाबाहेर ठेवणाऱ्या व्यवस्थेवरील टीका एकत्र नांदू शकतात.

पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी उघडले ते १९४७ मध्ये. त्यासाठी साने गुरुजींना त्या वर्षी मे महिन्यात उपोषण करावे लागले. चोखोबांच्या निधनानंतर सहाशेहून अधिक वर्षे त्यांचे अभंग गायिले जात होते आणि दारही बंद होते. अभंग गाणाऱ्यांची मने अशुद्ध होती, असे सरसकट म्हणता येणार नाही. त्यांनी चित्तशुद्धी ही केवळ आतली अवस्था मानली आणि तिची बाहेरची परीक्षा दिली नाही, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. ‘मन हेच कारण’ हे वाक्य ज्याने स्वतःस लावावयाचे, त्याने ते दाराबाहेर उभ्या असलेल्यास लावले. साने गुरुजींच्या उपोषणाचा रोख मात्र दाराच्या आत असलेल्यांच्या मनाकडे होता. या अर्थाने ते नाथपरंपरेतील विवेकाशी जवळीक सांगणारे आहे.

८. समारोप

संतवाङ्मयातील चित्तशुद्धीचा विचार हा बाह्याकडून आंतराकडे गेलेला एकरेषीय प्रवास नाही. ज्ञानदेवांनी आंतर शुद्धीला बाह्य आचरणाचे प्रमाण जोडले. सोयराबाईंनी जन्माधिष्ठित विटाळाची कल्पना तर्काने खोडून काढली. एकनाथांच्या परंपरेने स्वदुःख आणि परदुःख यांसाठी भिन्न प्रतिसाद ठरविले. तुकाराम व रामदास यांनी शुद्धीची परीक्षा बाजारात आणि रोजच्या वागण्यात मांडली. चित्त शुद्ध आहे हे ज्याचे त्याला ठरविता येत नाही. ज्याच्याशी तो वागतो त्याच्या अनुभवावरून ते ठरते, हा या सर्वांतील समान धागा होय.

या संकल्पनेचे अध्यापन करताना ‘आंतरिक शुद्धी’ या शब्दप्रयोगाशी थांबणे म्हणूनच पुरेसे नाही. एखाद्या रचनेत शुद्धीविषयी बोलणारा कोण आहे, तो कोणाशी बोलत आहे, आणि ज्या दुःखाविषयी तो बोलतो ते कोणाचे आहे, हे तीन प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवले, तर परिचित अभंगांचे व ओव्यांचे अर्थ नव्याने उलगडू लागतात. पंढरपुरात महाद्वारासमोरची समाधी आणि आतला गाभारा यांतील अंतर पावलांनी मोजले तर फार थोडे आहे. ते ओलांडण्यास इतका काळ का लागला, याचे उत्तर या संकल्पनेच्या अभ्यासातूनच शोधावे लागते.